अतिजडांच्या मागावर (९) : उल्केतल्या लांब रेघा

फ्लेरोव्हियमचा, म्हणजे ११४व्या मूलद्रव्याचा, अणू सोन्याच्या पत्र्याला चिकटतो की नाही, ते आज सांगायचं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. शहाद्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : रशियातल्या दुब्नाच्या प्रयोगशाळेला ११४वं मूलद्रव्य यंत्रात घडवावं लागलं, पण निसर्गानं ते कधी घडवलंच नसेल का? आमच्या सातपुड्याच्या दगडात शोधलं तर?

हाच प्रश्न साठच्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या प्रयोगशाळांना पडला होता. ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन यांच्या आसपासची केंद्रकं कोट्यवधी वर्षं टिकावीत, असं तेव्हाची गणितं सांगत होती. मग सूर्यमाला जन्मली तेव्हा ती असायला हवीत आणि पुढे संपली तरी खुणा मागे राहायला हव्यात. त्या खुणांचा एक फार सुंदर शोध आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतला गेला.

जड केंद्रक आपोआप फुटलं की त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना उसळतात आणि स्फटिकातली अणूंची रचना विस्कटत जातात. ही जखम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. स्फटिक योग्य रसायनात ठेवला की जखमेची जागा आधी खाल्ली जाते आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रेघ दिसू लागते. केंद्रक जितकं जड, तितके तुकडे जोरात सुटतात आणि रेघ लांब उमटते. म्हणून सगळी भिस्त लांबी मोजण्यावर. पण घासलेल्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या रेघा बहुतेक अर्धवट कापलेल्या असतात. या संस्थेतल्या देवेंद्र लाल, राजन, ताम्हणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली : रसायन स्फटिकातल्या एखाद्या भेगेतून किंवा दुसऱ्याच रेघेतून आत उतरू द्यायचं. वाटेत पूर्णपणे आत दडलेली रेघ लागली, तर ती दोन्ही टोकांसकट उघडी पडते. मला या सगळ्या कहाणीत ही युक्ती सर्वांत जास्त आवडते.

१९७१ मध्ये नरेंद्र भंडारी, लाल, ताम्हणे आदींचा लेख ‘नेचर’मध्ये आला. पृथ्वीबाहेरून आलेल्या नमुन्यांत त्यांना युरेनियम किंवा प्लुटोनियम-२४४ यांच्या मानानं जास्तच लांब रेघा आढळल्या होत्या आणि त्या अतिजड मूलद्रव्याच्या असाव्यात, असं त्यांनी सुचवलं. दावा पुढे टिकला नाही. वैश्विक किरणांतलं जड केंद्रकही लांब रेघ ओढू शकतं, आणि दोन्हींतला फरक निर्विवाद दाखवणं अवघड. तिकडे दुब्नात ज्यांच्या नावातून फ्लेरोव्हियम आलं ते खुद्द फ्लेरोव्हसुद्धा उल्कांतल्या ऑलिव्हिन या खनिजात अशाच रेघा शोधत होते. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे उल्केतल्या झेनॉन वायूवरूनही असाच दावा शिकागोहून झाला, तोही मागे पडला. मोजण्याची रीत मात्र टिकली.

आता सातपुडा. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. स्फटिक थंड झाल्यानंतरच्याच रेघा तो जपतो, आधीच्या उष्णतेत पुसल्या जातात. चार अब्ज वर्षांपूर्वी संपलेल्या मूलद्रव्याची रेघ त्यात असणार कशी? त्यासाठी साडेचार अब्ज वर्षांचा दगड हवा, म्हणजे उल्का. खानदेशाला तीही लाभली आहे : १८४३ मध्ये माणेगावला पडलेली. ती डायोजेनाइट जातीची, म्हणजे जवळजवळ सगळी पायरॉक्सीन या खनिजाची, आणि पायरॉक्सीनमध्ये रेघा छान उमटतात.

प्लुटोनियम-२४४ चं अर्धायुष्य आठ कोटी वर्षं. सूर्यमालेच्या आरंभीचं ते केव्हाच संपलं, पण अतिजडांच्या नाही, तरी त्याच्या खुणा उल्कांत निःसंशय सापडल्या. हेच प्लुटोनियम अणुभट्टीत तयार करून त्याच्या लक्ष्यावर कॅल्शियम-४८ चा मारा केला, तेव्हा १९९८ च्या डिसेंबरात दुब्नाला ११४ चा पहिला अणू हाती आला. आजवर मिळालेल्या अणूंपैकी फ्लेरोव्हियम-२८९ मध्ये न्यूट्रॉन १७५, म्हणजे १८४ ला नऊ कमी, आणि अर्धायुष्य दोनेक सेकंद. एवढ्या वेळात त्याला सोन्याच्या पत्र्यापर्यंत पोहोचवायचं कसं, इथून पुढच्या वेळी सुरू करू.