सुतारांच्या निधीतून उभा राहिलेला डोंगरी मेळा

बाळापूरच्या उत्तरेस, तेल्हारा तालुक्यात आडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथील माळावर नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीच्या सैन्यातील ७४ व ७८ क्रमांकांच्या पलटणी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातल्या, ‘हायलँडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होत्या. पुढे १५ डिसेंबरला गाविलगडाच्या आतल्या तटाला शिडी लावून चढलेली तुकडीही ‘स्कॉच ब्रिगेड’ या नावाच्या ९४ व्या पलटणीची होती. वऱ्हाडच्या इतिहासात ही माणसे शत्रू म्हणून आली आणि शत्रू म्हणूनच नोंदली गेली. त्यांच्या मुलखात काय घडत होते, याची चौकशी आपल्याकडे फारशी झाली नाही.

त्या मुलखाची स्थितीही त्या काळी बिकटच होती. १७४५ च्या बंडानंतर, १७४६ मध्ये कायदा करून तेथील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घालण्यात आली. ती १७८२ मध्ये उठली. त्यानंतर मेंढपाळीत अधिक उत्पन्न दिसताच जमीनदारांनी पिढ्यान्‌पिढ्यांची कुळे उठवली. कित्येकांनी समुद्रापारची वाट धरली, कित्येक पलटणीत भरती झाले. अशा विस्कटलेल्या प्रदेशात आज मे ते सप्टेंबर या काळात गावोगावी ‘हायलँड गेम्स’ भरतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मेळा ॲबर्डीनशायरमधील ब्रेमार या लहानशा गावी, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी भरतो.

चहूकडे डोंगर, मध्ये हिरवे मैदान, आणि चौकड्यांचे घोळदार वस्त्र कमरेला गुंडाळलेले मल्ल. एकीकडे मशकवाद्यांचे पथक वाजत असते, दुसरीकडे मुली नृत्यस्पर्धेत उतरलेल्या असतात, तिसरीकडे सैनिकांची रस्सीखेच चाललेली असते. अकराव्या शतकातील राजा माल्कम याने चपळ जासूद निवडण्यासाठी येथील टेकडीवर शर्यत लावली होती, अशी आख्यायिका आहे. डोंगरावर धावण्याची शर्यत अजूनही कार्यक्रमात आहे. छप्पन्न पौंडांचे, म्हणजे सुमारे पंचवीस किलोंचे वजन एका हाताने डोक्यावरच्या आडव्या दांडीपलीकडे फेकणे हाही एक प्रकार आहे.

पण पाहण्यासारखा खेळ म्हणजे ‘केबर’. केबर म्हणजे सोललेल्या झाडाचा अखंड सोट. ब्रेमारचा प्रसिद्ध सोट जवळजवळ वीस फूट लांब आणि साठ किलो वजनाचा आहे. मल्ल तो दोन्ही तळव्यांवर उभा तोलतो, तसाच धावतो आणि वर उसळवतो. सोटाचा वरचा जाड शेंडा जमिनीवर टेकून तो पलटी खातो व पलीकडे पडतो. सोट किती लांब गेला, हे येथे कोणी मोजत नाही. तो मल्लाच्या समोर, घड्याळातील बाराच्या काट्यासारखा सरळ पडला की नाही, एवढेच पंच पाहतात. नुसत्या ताकदीपेक्षा तोलाला मान देणारा असा नियम क्वचितच आढळतो.

व्यापारी वाचकांना मात्र या मेळ्याचा जमाखर्च अधिक रुचेल. ब्रेमारचा मेळा एखाद्या सरदाराच्या लहरीतून निघाला नाही. १८१५ च्या सुमारास तेथील सुतारांनी परस्परसाहाय्याची एक मंडळी स्थापन केली होती. वर्गणी जमवायची आणि आजारी, वृद्ध, विधवा व अनाथ यांना त्यातून मदत करायची, हा तिचा मूळ हेतू. हीच मंडळी पुढे गावाच्या खेळांची व्यवस्थापक झाली आणि १८३२ मध्ये तिने रोख बक्षिसे दिली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया या मेळ्याला आली, तेव्हापासून राजघराण्याची हजेरी ही प्रथाच पडली. १८६६ मध्ये मंडळीला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. वर्तमानपत्रे राजघराण्याचीच छायाचित्रे छापतात, हे ओघानेच आले. पण राणी येण्यापूर्वी तीस-बत्तीस वर्षे वही सुतारांनी चालवली होती.

महाराष्ट्राला हा प्रकार परका नाही. जेजुरीच्या गडावर दसऱ्यानंतर बेचाळीस किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा होते. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य व त्यांचे बंधू अनंतराव यांनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. वऱ्हाडातील तरुणांनी परमुलखात आपले खेळ नेले, तेही कोणावर चाल न करता.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी हा मेळा पाहायचा असल्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सप्टेंबरचा पहिला शनिवार बहुधा पर्युषणाच्या आसपास येतो. तसे असल्यास जुलैमधील इनव्हरनेसचा मेळा सोयीचा. शिदोरी घरूनच न्यावी, कारण दुकानांतून मिळणारा ‘हॅगिस’ हा प्रसिद्ध पदार्थ मेंढीच्या मांसाचा असतो. हवा थंड आणि पावसाळी असते.

आपल्या यात्रांतील कुस्त्यांच्या दंगलींनाही पूर्वी बाजारपेठेचाच आधार असे. धान्य, कापड, किराणा यांच्या दुकानदारांनी लावलेली इनामे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात, आणि शेवटच्या कुस्तीचे इनाम कोणाचे, यावरून पेढ्यांत चढाओढ लागे. अनेक गावांत आता ती इनामे राजकीय पुढाऱ्यांच्या नावाने लागतात. निवडणुकीच्या वर्षी रक्कम फुगते, एरवी आखाड्याला माती घालायलाही वर्गणी जमत नाही. ब्रेमारच्या सुतारांची वर्गणी लहान होती, पण ती दरवर्षी येत असे.