अथेन्सचा उत्सव, खान्देशची जत्रा

थट्टेची जागा
धुळ्यात चैत्रात पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते, अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची. खान्देशात जत्रा म्हटली की तमाशाचा तंबू आलाच. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्येही विनोदी नाटके देवाच्याच उत्सवात होत. डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येई.

सत्ताधाऱ्याला नोकर केले
अथेन्सचा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस याने इ.स.पू. ४२४ मध्ये 'नाइट्स' नाटक केले. त्यात जनता म्हणजे एक म्हातारा मालक आणि त्या काळचा बलाढ्य पुढारी क्लिऑन त्याचा लबाड गुलाम. त्याला हरवतो कोण, तर सॉसेज विकणारा. दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नाटकावरून क्लिऑनने या नाटककाराविरुद्ध तक्रार केली होती, तरी तो कचरला नाही. नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. पुढे काही आठवड्यांत त्याच अथेन्सकरांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिले! प्रेक्षक हसले म्हणजे मतही बदलले, असे नसते.
नाटकाच्या मध्यावर कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, कथा बाजूला ठेवून थेट प्रेक्षकांशी बोले. कवीची बाजू, शहराचे चुकलेले निर्णय, सगळे तिथे निघे.

गवळणीतला कर
आपल्याकडे ही मोकळीक तमाशातल्या गवळणीत आणि बतावणीत सापडते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो, कर मागतो. गवळणींबरोबरची मावशी हुज्जत घालते. मावशीचे काम पुरुष करतो. अथेन्समध्येही सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषच करत. कर कसला, कुणासाठी, या प्रश्नांत गावची पट्टी, महागाई, निवडणूक सहज शिरते. बोलणे हजरजबाबी असल्याने ज्या गावची सुपारी, त्या गावचा विषय.

बोलणारा कोण
मला इथला फरक फार मोलाचा वाटतो. ॲरिस्टोफेनिस हक्काचा नागरिक होता, आणि कोरसचा खर्च श्रीमंत नागरिकावर सोपवलेला असे. तमाशाचे कलावंत मात्र बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. गावात ज्यांना वेशीबाहेर ठेवले, तेच रात्री पाटलाला हसवत. म्हणून वगातला सोंगाड्या राजाचा शिपाई होऊन राजाच्या आडून बोले. त्याच्या धिटाईची किंमत अधिक होती.
हा आडपडदा जलशांनी काढला. १९३०च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातली गवळण गाळली आणि अस्पृश्यतेवर उघड बोलायला सुरुवात केली.