महाराजांचं चित्र छापायला परवानगी कुणाची?

शिवाजी महाराजांची दख्खनी शैलीतली, सतराव्या शतकाच्या अखेरीची जी मोजकी चित्रं युरोपात पोहोचली, त्यांतलं एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि एक अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. दुसरं चित्र विट्सन या अ‍ॅम्स्टरडॅमच्या महापौराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, गोवळकोंड्यात 1686च्या सुमारास तयार झालेल्या चित्रसंग्रहातलं. दोन्ही संग्रहालयांनी आपला ठेवा इंटरनेटवर मांडलेला आहे, त्यामुळे पाहायला अडचण नाही. अडचण येते ती छापताना. पुण्यातल्या एखाद्या प्रकाशकाला मुखपृष्ठासाठी अ‍ॅम्स्टरडॅमचं चित्र हवं असेल, तर त्याने ते उतरवून घ्यावं आणि छापावं; शुल्क नाही, अर्ज नाही. लंडनचं चित्र मात्र बिगर-व्यावसायिक वापरापुरतंच खुलं आहे. पुस्तक विकायचं म्हटलं की वेगळा परवाना आणि त्याचे पैसे. मूळ चित्रकार कोण हे आपल्याला ठाऊकही नाही, आणि तो जगत होता तेव्हा कॉपीराइटचा कायदाच जन्मला नव्हता. तेव्हा लंडनमध्ये शुल्क आकारलं जातं ते चित्राचं नव्हे, चित्राच्या छायाचित्राचं. हे शुल्क जावं, असं मला ठामपणे वाटतं. त्यात अन्याय आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की या अडसरामुळे अस्सल चित्र मागे पडतं आणि नक्कल पुढे जाते.

राइक्सम्युझियमला हे फर्मेरच्या एका चित्रावरून उमगलं. दूध ओतणाऱ्या दासीचं ते चित्र जगप्रसिद्ध आहे. इंटरनेटवर त्याच्या हजारो प्रती फिरत होत्या, आणि बहुतेक पिवळट, विटक्या. लोकांना त्या पिवळेपणाची इतकी सवय झाली की संग्रहालयाच्या दुकानातल्या बरोबर रंगांच्या पोस्टकार्डावरच ते शंका घेऊ लागले. यावर बंदीचा उपाय चालणार नव्हता, कारण हजारो प्रतींच्या मागे कोण लागणार? उपाय एकच होता, उत्तम प्रत स्वतःच देऊन टाकण्याचा. 2012 मध्ये या संग्रहालयाने सुमारे सव्वा लाख चित्रं खुली केली. आरंभी मध्यम दर्जाची प्रत फुकट आणि मोठी प्रत विकत अशी विभागणी होती. पुढच्या वर्षभरात तीही मोडीत काढली. आपल्याला हा अनुभव नवा नाही. वा. सी. बेंद्रे यांनी 1930च्या दशकात डच साधनांतून महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणलं, तोवर भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून महाराष्ट्रात छापलं जात होतं. खरं चित्र हाताशी नसलं की समाज चित्राविना राहत नाही, तो मिळेल ते भिंतीवर लावतो.

कायद्याच्या बाजूनेही शुल्काचा पाया भुसभुशीत होत चालला आहे. जुन्या चित्राची हुबेहूब प्रत काढणं हे कौशल्याचं काम असलं तरी नवनिर्मिती नव्हे, असं न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने ब्रिजमन खटल्यात 1999 मध्ये म्हटलं. युरोपीय संघाने 2019च्या निर्देशात तेच तत्त्व कलमबद्ध केलं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2023 मध्ये, संग्रहालयांशी संबंध नसलेल्या एका खटल्यात, कॉपीराइटला निर्मात्याची स्वतःची बौद्धिक निवड लागते, नुसतं श्रम-कौशल्य पुरत नाही, असा निर्वाळा दिला. ब्रिटिश संग्रहालयांच्या शुल्कावर तो थेट येऊन आदळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या 2007च्या निकालात केवळ मेहनतीला हक्क नाकारून थोड्या तरी सर्जनशीलतेची अट घातली. तो वाद न्यायनिवाड्यांच्या संपादित मजकुराचा होता, पण चित्राची जशीच्या तशी काढलेली प्रत त्या अटीत कशी बसेल, हे मला दिसत नाही.

आक्षेप पैशाचा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. छायाचित्रण, रंगांची पडताळणी, नोंदी, सर्व्हर, सगळ्याला खर्च येतो. पण शुल्कातून तो भरून निघतो का? सायमन टॅनर यांनी 2004 मध्ये अमेरिकी कलासंग्रहालयांचा अभ्यास केला, तेव्हा चित्रविक्रीच्या विभागाचा सगळा खर्च धरला तर नफा उरतच नाही, असं दिसून आलं. परवाने देणं, पत्रव्यवहार, वसुली यांतच कमाई जिरते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये 3,75,000 चित्रं आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने 2020 मध्ये 28 लाख चित्रं हक्कमुक्त केली, ती काही गल्ला ओसंडून वाहतो म्हणून नव्हे. कुणाला नवं, खास कोनातून छायाचित्र काढून हवं असेल, तर त्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत. ते सेवेचं मोल झालं. चित्रावरचा हक्क नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त जोरात येतो: महाराजांचं चित्र मोकळं केलं तर कुणीही ते कशावरही छापेल. छापेल, आणि आजही छापतोच. फरक इतकाच की आज तो धूसर, रंग बिघडलेली प्रत वापरतो. विटंबना रोखायची तर त्यासाठी वेगळे कायदे आहेत. संग्रहालयाच्या परवाना विभागाने आदराची राखण करावी, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय पैसे भरणाऱ्याला परवाना मिळतो, त्याचा हेतू चांगला असो वा नसो. यापेक्षा वजनदार आक्षेप आंद्रेया वॉलेस आणि माटिल्ड पाव्हिस या अभ्यासकांनी 2019 मध्ये मांडला. आफ्रिकेतून नेलेल्या वस्तूंबाबत फ्रेंच सरकारसाठी लिहिलेल्या सार-सावॉय अहवालात चित्रं सरसकट खुली करण्याची शिफारस होती; त्यावर त्यांचं म्हणणं असं की ज्यांच्या वस्तू, तेच ठरवतील. हे मला पटतं. एखाद्या समाजाच्या गुप्त विधीची वस्तू किंवा मानवी अवशेष यांची छायाचित्रं त्या समाजाला न विचारता जगभर उधळणं म्हणजे लुटीचा पुढचा अंक. पण मूळ समाजाला विचारणं वेगळं आणि दूरच्या संग्रहालयाने त्याच समाजाकडून पैसे घेणं वेगळं. महाराजांचं चित्र दरबारी अल्बमातलं, दाखवण्यासाठीच काढलेलं आहे, आणि त्याचे वारस त्यासाठी आज परवाना मागतात.

आपल्या घरातलं चित्रही फारसं वेगळं नाही, आणि इथे दोष लंडनला देता येणार नाही. केंद्र सरकारच्या 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळामागची 'जतन' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने घडवली. तंत्रज्ञान आपल्याकडे आहे, छायाचित्रणाचा खर्च जनतेच्या पैशातून होतो. हवा आहे तो धोरणात्मक निर्णय: ज्या कलाकृतीचा हक्क संपला, तिच्या नोंदीवर तसं स्पष्ट लिहावं आणि मोठी प्रत उतरवून घेऊ द्यावी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले. म. वि. धुरंधर 1944 मध्ये गेले, म्हणजे 2005 उजाडताच त्यांची चित्रं सर्वांची झाली. जिवंत कलावंत आणि अलीकडे गेलेले यांचे हक्क अर्थातच शाबूत राहतील. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर दोघांचीही चित्रं आहेत, आणि ते संग्रहालय राज्य सरकारच्याच अखत्यारीत आहे. सुरुवात तिथून करता येईल.