सोमवारी पहाटे अडणारा टेम्पो

वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी आम्ही चांदीपला एका धम्मबांधवाच्या घरी गेलो होतो. माणसे जमली, वंदना झाली, पण घरावर कसलेतरी सावट होते. बारावी झालेला पुतण्या ओट्यावर पाठ करून बसलेला. वहिनी चहा देऊन मुकाट्याने आत गेल्या. अंगणात मालवाहू छोटा टेम्पो उभा. वाचन आटोपल्यावर चौकशी केली, तेव्हा समजले की त्या दिवशी पहाटे पोराच्या कानशिलात बसली होती. कारण काय, तर टेम्पोची बॅटरी!

या बांधवाचा सारा संसार त्या टेम्पोवर आहे. पहाटे चारला भाजी भरायची आणि उजाडण्याच्या आत विरारच्या बाजारात पोचवायची. एक फेरी चुकली की व्यापारी दुसरा टेम्पो बोलावतो, आणि असा बोलावलेला टेम्पो मग कायमचाच होऊन बसतो. कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. मे महिन्यापासून गाडी अधूनमधून सेल्फ घेईना. दुकानदाराने न तपासताच "बॅटरी गेली" असे सांगितले. भिशी उचलून जूनमध्ये नवी बॅटरी घातली. ऑगस्टमध्ये तीही उतरू लागली, तेव्हा तोच दुकानदार म्हणाला, "घरातलं कोणीतरी रात्री गाणी लावत असणार." घरात गाणी ऐकणारा एकच, तो पुतण्या.

बाजारातल्या कोणी लिंबू-मिरची बांधण्याचाही सल्ला दिला होता. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या या बांधवाने लिंबू बांधले नाही, याचे आम्हांला कौतुक वाटले. पण लिंबाऐवजी पुतण्याला धरले, हे कुठल्या शहाणपणात बसते? "पुरावा आहे का?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "भाऊ, पुरावा कसला? गाडी बंद पडतेय हाच पुरावा."

आम्ही कारकुनी करणारी माणसे. खतावणीत जमा आणि खर्च जुळला नाही, तर शिपायावर आळ घेत नाही, नोंदी तपासतो. बॅटरीही एक खातेच आहे. पण हे खाते तपासायला जाणकार हवा, म्हणून एस.टी.च्या आगारात बॅटऱ्यांचे काम करून निवृत्त झालेल्या एका काकांना पुढच्या रविवारी घेऊन गेलो.

काकांनी आल्या आल्या गाडीला हात लावला नाही. आधी विचारले, "कधी बंद पडते?" कोणालाच नीट सांगता येईना. मग पुतण्या हळूच म्हणाला, "बहुतेक सोमवारी." रविवारी टेम्पोला सुट्टी असते. शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी उभी राहते, ती सोमवारी पहाटे चारला निघते. काका म्हणाले, "बाळा, निम्मं काम तूच केलंस."

नंतर त्यांनी जे सांगितले, ते घरातल्या सर्वांना कळले. माठ रिकामा होतो त्याची कारणे तीनच. माठ फुटका असेल, नळाला पाणी येत नसेल, किंवा तोटी उघडी राहिली असेल. माठ म्हणजे बॅटरी, नळ म्हणजे डायनामो, आणि तोटी म्हणजे गाडी बंद असताना वीज पिणारी एखादी वस्तू. आपण मात्र दर वेळी नवा माठ आणतो.

आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावून घेतली होती. मीटर लावला तेव्हा १२.६ व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली, काही तास स्वस्थ राहिलेली बॅटरी एवढेच दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली गेला नाही. म्हणजे माठ धड होता. गाडी सुरू ठेवून पुन्हा पाहिले, तेव्हा १४.१ आले. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असले की डायनामो ठीक. १३.२ च्या आत राहिला तर पट्टा ढिला किंवा डायनामो कमजोर, आणि १५ च्या वर गेला तर बॅटरीचे पाणी उकळून आटते. नळही ठीक निघाला. राहिली तोटी.

गाडी बंद केली, चावी काढली, दारे लावली. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवून, टर्मिनल आणि केबल यांच्या मधोमध मीटर अँपिअरवर लावला. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग झोपी जायला वेळ घेतात, म्हणून वीस-तीस मिनिटे थांबायचे. मीटर नसेल तर १२ व्होल्टचा लहान बल्ब त्याच जागी धरावा. बल्ब पेटला की गळती आहेच. बंद गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरहून अधिक वीज घेऊ नये. इथे मीटर ६०० दाखवत होता!

हिशेब आम्ही तिथेच केला. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट म्हणजे ३४ तास. ताशी ०.६ प्रमाणे वीस अँपिअर-तास गेले. बॅटरी चाळीसची, म्हणजे निम्मी उपसली. रोजच्या रात्रीचे सहा वेगळे. छोट्या फेऱ्यांत एवढी तूट भरून येत नाही, आणि वारंवार रिकामी झालेली बॅटरी आतून खराब होत जाते.

पुतण्या एकेक फ्यूज काढत गेला, काका मीटर बघत राहिले. गाण्यांच्या टेपचा फ्यूज काढला, आकडा ६००. दिव्यांचा काढला, ६००. सगळे फ्यूज संपले, आकडा हलेना. काका म्हणाले, "म्हणजे ही तार फ्यूजातून गेलेलीच नाही. थेट बॅटरीवरून कुठे जाते ते शोधा." पॉझिटिव्हला एक जाड लाल तार जोडलेली होती. तिचा माग काढत पुतण्या सीटमागे शिरला, गोणपाटे उचलली आणि एक डबा बाहेर ओढला. इन्व्हर्टर होता. चालू!

तो पाहताच आमची मान खाली गेली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत याच टेम्पोवर बाबासाहेबांची प्रतिमा होती. रोषणाईसाठी हा इन्व्हर्टर मंडळाने बसवून घेतला होता. रात्रीचे अकरा वाजलेले, वायरमनच्या मागे "लाव रे लवकर" म्हणून घाई करणारे आम्हीच. मिरवणूक संपल्यावर भाड्याच्या माळा मोजून परत केल्या. इन्व्हर्टर मंडळाचा, म्हणून पुढच्या कार्यक्रमापर्यंत गाडीतच ठेवला आणि विसरलो. दिवा जोडलेला नसला तरी चालू इन्व्हर्टर वीज पीतच राहतो. शिवाय थेट बॅटरीवरून घेतलेल्या तारेला फ्यूज नव्हता. ती तार कुठे घासून उघडी पडली असती, तर गाडीने पेट घेतला असता.

आम्ही पुतण्याची सर्वांसमोर माफी मागितली. काकाने मात्र एकदा खाकरण्यापलीकडे काही केले नाही. पोराने पाना घेतला आणि लाल तार स्वतःच सोडवली. मीटरवर २० दिसले.

तार सोडवण्यापूर्वी काकांनी त्याला थांबवून काही गोष्टी बजावल्या होत्या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवायचा, जोडताना तो शेवटी लावायचा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. आतले पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे किंवा बोअरचे नाही, आणि अॅसिड तर मुळीच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा कालवलेल्या गरम पाण्याने धुवावी, ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नये. डोळ्यांत अॅसिड उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि दवाखाना गाठावा.

जूनमध्ये काढलेली जुनी बॅटरी ओट्याखाली पडली होती. काकांनी तीही चार्जिंगला लावून पाहिली. जूनमध्येच लावली असती तर कदाचित वाचली असती. पण इतके दिवस रिकामी पडल्याने शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचा थर कडक झाला होता. ती गेलीच. भिशीचे पैसेही गेले.

या बॅटरीवर पाय ठेवून घरातली धाकटी मुलगी ओट्यावर चढत असे. वहिनींना हे सांगताना आम्ही आवाज चढवला, ते बरेच झाले. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. सेनेगल देशात डकार शहरालगतच्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढत असत. त्या मातीने आणि धुळीने नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या अवघ्या पाच महिन्यांत १८ मुले दगावली. आपल्या वस्त्यांतही भंगारासाठी बॅटरी फोडणारे हात आपल्याच मुलांचे असतात. आपल्याकडे २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली. २०२२ च्या नियमांनी ती मुख्यतः उत्पादकांवर आणली. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

सोमवारी पहाटे सव्वाचारला आमचा फोन वाजला. पलीकडे पुतण्या होता. "भाऊ, पहिल्याच सेल्फला सुरू झाली. काका म्हणतात, मीटर केवढ्याला मिळतो ते विचार."