कानाजवळची कटकट

बदनापुरात जबडा दुखू लागला की माणूस आधी कान दाखवायचा. कोमट तेलाचे थेंब पडायचे, मग मळ निघायचा, मग संशय अक्कलदाढेवर जायचा आणि दाढ उपटली जायची. आमच्या आत्याच्या दोन धडधाकट दाढा अशाच गेल्या. कळ राहिली ती राहिलीच. दुखत होता कानापुढचा सांधा. तोंडाची उघडमीट करताना बोटाखाली हलतो ना, तो.

आत्याला हसायचं कारण नाही. सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांची सांगड घातली, तीही कारण चुकवूनच. मागच्या दाढा पडल्यामुळे सांधा मागे सरकून नसा दाबतो, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी कित्येक वर्षं लोकांचे दात घासून, उंचावून ‘चावा’ जुळवण्याचा उद्योग चालला. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी स्नायूंकडे बोट दाखवलं: मनावरचा ताण, दात आवळणं, झोपेत दात खाणं. म्हणजे दातओठ खाण्याची किंमत जबडाच मोजतो! पण १९८० च्या दशकात अमेरिकेत सांध्यातली चकती काढून टेफ्लॉनची बसवायची टूम निघाली. तिच्या झिजलेल्या कणांनी हाडच पोखरलं आणि त्या चकत्या पुन्हा काढायची पाळी आली.

इकडे १९८१ ला आमचा जालना जिल्हा झाला, पुढच्याच वर्षी औरंगाबादेत सरकारी दंत महाविद्यालय निघालं. रेल्वे दारातून जाणारी, तरी दातासाठी औरंगाबाद गाठणं लोकांच्या जिवावर यायचं. आता दाताचा दवाखाना हाताशी आहे आणि उपचारही साधे झालेत: काही आठवडे मऊ भाकरी-वरण, ऊस-फुटाणे बंद, शेक, जबड्याचे हलके व्यायाम, लागली तर गोळी, दात खाणाऱ्याला रात्री दातांवर बसवायची पट्टी. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. नुसती कटकट वाजते, दुखत नाही, तर काहीच करू नये. जुनं सगळंच मात्र टाकाऊ नव्हतं. जांभई देताना निखळलेला जबडा दाढांवर अंगठे ठेवून, खाली दाबून मागे सारायचा, ही रीत प्राचीन इजिप्तपासूनची. जाणत्या हातांनी आजही तीच करतात.

गेल्या काही दशकांत मात्र दुसरंच दुखणं याच तक्रारीआड शिरलं. पोरगं सांगतं, ‘जबडा धरलाय.’ सांधा ठणठणीत असतो. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी ताठरलेली असते. आधी तिखटाने आग होते, मग तोंड इंचाइंचाने मिटत जातं, आणि यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पुड्या रस्त्यावर दिसतातच. ताठरलेली कातडी पुरती पूर्ववत होत नाही, शेकाने तर नाहीच.

तेव्हा आज आरशासमोर उभे राहा. आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. बसली नाहीत तर दाताच्या डॉक्टरांकडे जा, आणि पुडी खात असाल तर ते आधी सांगा.