लग्नाचे कार्यालय ठरवताना आधी मार्चअखेर आठवा

तुळशीचे लग्न लागले की संगमनेर तालुक्यात मंगल कार्यालयांची शोधाशोध सुरू होते. एप्रिल-मेमधल्या चांगल्या मुहूर्ताच्या तारखा लवकर अडकतात, ही गोष्ट खरी. त्यामुळे मुलीचा बाप घाईने शहरात येतो, एखादे कार्यालय बघतो आणि खिशात असेल तेवढा इसार देऊन मोकळा होतो. हा इसार पुष्कळदा पीककर्जाच्या नाहीतर कांदा लागवडीच्या पैशातून जातो, म्हणूनच शेतीच्या माणसाला या विषयावर लिहावे लागते.

3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मार्चअखेर थकले की सवलत गेली, आणि पुढच्या खरिपाला सोसायटीत कोणत्या तोंडाने जायचे? उन्हाळी कांदा निघतो मार्च-एप्रिलमध्ये. भाव पडलेला असेल तर तो चाळीत ठेवायचा असतो, पण कार्यालयवाल्याची तारीख जवळ आली की मिळेल त्या भावाने काढावा लागतो. तेव्हा भाड्याचे हप्ते आपल्या पिकाप्रमाणे पाडून मागा. थोडा इसार, उसाचे बिल आल्यावर काही रक्कम, उरलेली कार्यालय सोडताना. मागायला लाजू नये.

जागा बघण्याआधी माणसे मोजा. हजार पत्रिका छापून मग कार्यालय शोधणे म्हणजे उलटा कारभार. 2025 साली अहिल्यानगरमध्ये मराठा समाजाच्या मंडळींनी लग्नासाठी आचारसंहिता केली, त्यात मोजके पाहुणे आणि डीजे नको, हे मुद्दे होते. ते किती पाळले जाते हा भाग वेगळा, पण आकडा ठरला की निम्मे काम झाले.

पुणे-नाशिक महामार्गालगतची लॉन्स दिसायला झकास. मात्र एप्रिल-मेमध्ये अवकाळीने गाठले तर पंगत कुठे बसवणार, हे आधी विचारा. पक्के छत किती माणसांचे, ते स्वतः उभे राहून बघा. गाड्या आत लागतात की रस्त्यावर, हेही बघा. साकूर-घारगावकडून घाट उतरून टेम्पोने आलेली म्हातारी माणसे आणि पोरे महामार्ग ओलांडत बसली तर जिवाशी खेळ आहे. बायकांसाठी संडास-बाथरूम किती, त्यांना पाणी आहे का, हे विचारायला घरातल्या बाईलाच बरोबर न्या. पुरुष मंडळी स्टेज बघून परत येतात!

गावातच करायचे तर देवळाचा सभामंडप आहे, हरभरा-गहू निघालेले रान आहे. भाडे वाचते. पण तळेगाव-निमोणकडे मे महिन्यात टँकर, मांडव आणि जनरेटर मिळून किती होतात ते लिहून काढा. कधी कधी कार्यालयच स्वस्त पडते.

आता पावती. इसाराची पावती नाही तर व्यवहार नाही. तीवर ताबा किती वाजता मिळणार, सोडायचे कधी, वीज आणि डिझेल कोणाकडे, भांडी फुटली तर काय, खरकटे कोण उचलणार, 18 टक्के जीएसटी भाड्यात धरला की वेगळा, हे सगळे लिहून घ्या. लग्न पुढे ढकलले तर इसाराचे काय, हे तर आवर्जून. 22 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या आदेशाने लग्न 25 माणसांत आणि दोन तासांत उरकायचे ठरले, मोडले तर 50 हजार दंड होता. अशा वेळी हातात लिहिलेले काही नसेल तर नुसत्या तोंडी बोलीवर पैसे परत मागायचे कसे? वरातीचे म्हणाल तर रात्री 10 नंतर स्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे.

कार्यालयवाला नवरा-नवरीच्या जन्मतारखेचा दाखला मागेल, त्याचा राग मानू नका. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण नसेल तर 2006 च्या कायद्याने लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामसेवकाने (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हे दाखले पत्रिका छापण्याआधीच बघून घ्यावेत. विवाह नोंदणीलाही तेच कागद लागतात, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स तेव्हाच काढून ठेवा.