विसरभोळी 'सीडी'

फेस्टची वेबसाइट तीन सर्व्हरवर चढवायची, तर प्रत्येकावर लॉगिन करून त्याच कमांड पुन्हा पुन्हा टाइप करणं म्हणजे निव्वळ हमाली! पायथनमधली फॅब्रिक ही लायब्ररी ती हमाली करते. होस्टेलच्या खोलीतून दिलेली कमांड एसएसएचच्या एन्क्रिप्टेड वाटेने सर्व्हरच्या २२ नंबर पोर्टवर पोचते, तिथल्या शेलमध्ये चालते आणि आउटपुट आपल्याकडे येतं. (हे एसएसएच फिनलंडच्या टाटू यलोनेनने १९९५ मध्ये लिहिलं. कारण? त्याच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरत होतं!)

इथवर सोपं. खरी गोची पुढे आहे. समजा, पहिल्या 'रन'मध्ये 'सीडी' करून तुम्ही जुन्या फायलींच्या फोल्डरमध्ये गेलात आणि दुसऱ्या 'रन'मध्ये 'आरएम स्टार' दिलं. काय पुसलं जाईल? होम डिरेक्टरीतल्या फायली! कनेक्शन एकच असलं तरी प्रत्येक 'रन'ला नवा शेल मिळतो, आणि त्याला आधीच्या 'सीडी'चा पत्ताच नसतो. म्हणजे सीबीएसला उतरलेला माणूस वेगळा; पुढची बस पकडणारा अजून नाशिकरोडलाच उभा!

म्हणून दोन्ही कमांड एकाच ओळीत द्या, मध्ये दोन अँपरसँड टाकून. 'सीडी' फसली तर 'आरएम' चालतच नाही. फॅब्रिकचं स्वतःचं 'सीडी' फंक्शनही आतून हेच करतं. एखादी कमांड फेल झाली की फॅब्रिक तिथेच थांबतं. 'वॉर्न' लावून पुढे रेटता येतं, पण पुसापुशीच्या कामात ते लावायला मी तरी धजत नाही.